समोर बसलं की बंद

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बंद पडलेल्या मशीनला कारण असतं आणि ते शोधायला लोक माझ्याकडे येतात. टीव्ही सेंटर चौकाजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर कहकशा हे माझं नाव वाचूनही गिऱ्हाईक मलाच विचारतं, "मालक कुठायत?" अशांना मी अर्धा तास बसवून ठेवते.

रत्नमालाकाकूंनी तसं काही विचारलं नाही. फुलंब्रीहून आल्या होत्या, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून. त्यांचे यजमान काकासाहेब, शाळेत मास्तर, दोन महिन्यांपूर्वी गेले. त्याच दिवसांत त्यांच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम चढली आणि तो बंद पडायला लागला.

"कधी पडतो बंद?"

"मी समोर बसले की. मी नसले की चालू व्हतो, त्यांचं नावबी दाखवतो. मी दिसले की बंद." काकूंनी टॉवेलाची घडी घातली. "लई राग हाय बाई त्यांचा. गेले त्या सकाळी आमचं भांडण झालं. च्या न पिता शाळंत गेले अन् तिकडंच आटोपलं."

"काकू, मशीनला राग येत नसतो," मी म्हटलं आणि कामाला लागले. मेमरीची पट्टी काढून पुसून बसवली, पंखा साफ केला, डिस्क तपासली. सगळं ठणठणीत. मी समोर बसले तर त्यानं मुकाट्यानं पासवर्ड मागितला. काकू बसल्या आणि स्क्रीन निळी होऊन बंद. तीनदा केलं, तीनदा तेच.

काकू पाणी प्यायला उठल्या. मी मागच्या रॅकवर स्क्रू शोधत होते. वळून पाहते तर रिकाम्या खुर्चीसमोर स्क्रीन उजळलेली. "स्वागत आहे, काकासाहेब."

भरदुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

"सिस्टीम बदलली तेव्हा हा कुठं ठेवला होता?" मी विचारलं.

माणूस गेल्यावर घरात, देह ठेवला त्या जागी, पीठ पसरून तेलाचा दिवा लावतात. काकूंनी त्याच्यासमोरच लॅपटॉप उघडून ठेवला होता, त्यात काकासाहेबांच्या आवाजातला हरिपाठ होता म्हणून. "मधीमधी कायबाय विचारायचं ते. सुतकात कुणाला नाय म्हनू नये, म्हणून मी व्हय दाबत गेले."

म्हणजे मालकाचा चेहरा पाहून लॅपटॉप उघडतो ती ओळख सुधारू का, यालाही त्या हो म्हणाल्या होत्या. हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड पाहतो, दिव्यात तो भरपूर. त्यानं दिवा आणि रिकामी जागा काकासाहेब म्हणून नोंदवली. बटण दाबताना वाकलेल्या काकूही त्याच नोंदीत अर्धवट शिरल्या असणार, म्हणून त्या दिसल्या की कॅमेऱ्याचा जुना प्रोग्रॅम कोलमडतो. हे सगळं मी मोठ्यानं समजावलं, काकूंपेक्षा स्वतःलाच. कारण माझ्या दुकानात तसा दिवा नव्हता.

"ती नोंद पुसावी लागेल. मग बंद पडणार नाही. पण त्यांचं नावही असं आपोआप येणार नाही."

काकूंनी पदरानं लॅपटॉपची कड पुसली. "रागानं का व्हईना, घरात होते," त्या म्हणाल्या. "पर रोज असं तोंड फिरवलेलं बघवत नाय. पुस."

मी नोंद पुसली, कॅमेऱ्याचा नवा प्रोग्रॅम टाकला. काकू समोर बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, लॅपटॉप चालूच. मला हायसं वाटलं.

"आता तुमचा चेहरा नोंदवू," म्हणत मी बटण दाबलं. स्क्रीनवर रिकामं वर्तुळ आलं. काकू उठल्या आणि बाजूच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"काकू, समोर बसा."

त्यांनी ऐकलं नाही. खुर्ची रिकामी. "चेहरा शोधत आहे," स्क्रीनवर आलं. मग अक्षरं बदलली. "आपण फार जवळ आहात. थोडे मागे सरका."

माझा हात स्विचकडे गेला, पण दाबायचं धाडस होईना. काकू खुर्चीकडे वाकल्या आणि रोजच्या संसारातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा मागं सरका की. दिसत नाय तेला."

वर्तुळ भरत गेलं आणि पूर्ण झालं.

"ऐकलं," काकू म्हणाल्या. "ऐकलं बाई माझं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.