उघडं घरटं

तुमच्या-आमच्या मोबाइलमध्ये घरट्यातल्या पिल्लांचा एखादा तरी फोटो असतोच. तो किती स्पष्ट आला, एवढंच आपण पाहतो. मानेवाड्याच्या मयुराचंही तेच झालं.

मयुरा पाखरांची चित्रं काढायची. नागपूरच्या पाखरांचं कॅलेंडर करायचं काम तिला मिळालं, आणि अंगणातल्या जास्वंदीतच बुलबुलानं घरटं केलं! तीन पिल्लं. पण पानांआडून नुसत्या चोची दिसायच्या.

"आई, थोडीशी पानं काढून टाकते," ती सासूला म्हणाली.

"राहू दे वं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "त्यायनं पाहूनच जागा धरली असंल."

"पण चित्र अर्धवट येऊन राहिलं ना! चारच तर डहाळ्या."

कात्री चालली. मयुरा दुपारभर चित्र काढत बसली. पिल्लांच्या उघड्या लाल चोचींपर्यंत सगळं कागदावर उतरलं. इतकं सुंदर चित्र तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कलकलाट ऐकून ती धावली. कावळा उडाला होता. घरटं रिकामं! जोडीतला एक बुलबुल तारेवर ओरडत होता आणि दुसरा चोचीत अळी धरून घरट्याच्या काठावर बसला होता. कुणाला भरवणार होता तो?

मयुरा मागून आलेल्या सासूकडे वळली. "आई, मी तर जीव लावला होता त्यायले!"

प्रेमलताबाईंचेही डोळे भरले. पण त्यांनी खोटी समजूत घातली नाही. "लावला वं पोरी, पण चित्राले लावला. त्यायले लपायचं होतं अन् तुले पाहायचं होतं."

मयुरा ढसाढसा रडली.

कॅलेंडरवाल्या हिमानीताई चित्र पाहून हरखल्या. "पहिल्या पानावर हेच! कसं जमवलंस?"

"पानं कापून," मयुरा म्हणाली. "पिल्लं कावळ्यानं नेली. हे छापू नका, ताई."

तिनं दुसरं चित्र दिलं. गच्च पानांची जास्वंद, बस्स!

"यात पाखरू कुठं आहे?"

"आहे. दिसत नाही, म्हणूनच जिवंत आहे."

मंडळी, घरटं दिसलं की मागं सरका. पान हलवू नका, जागा कुणाला सांगू नका. फोटो अर्धवट येईल, येऊ द्या! पिल्लांना पंख तरी फुटतील. जास्वंदीतल्या त्या तिघांना तेही मिळाले नाहीत.