डब्यात अडकलेली लग्नं

बेला गावात लग्न ठरलं की नवरीचा बाप फोटोग्राफर उद्धवरावांच्या हातात कोरं मेमरी कार्ड ठेवायचा. त्याला हळदीकुंकवाचं बोट लागायचं, मग ते शूटिंगच्या कॅमेऱ्यात जायचं आणि लग्न आटोपलं की नवरीच्या घरी परत. अल्बमचा खर्च कोण करतो? कार्डच देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवायचं, ही गावाची रीत.

पुढे कंपनीनं नवे कॅमेरे काढले आणि कार्डाचा आकारच बदलून टाकला. जुनी कार्डं नव्या कॅमेऱ्यांत शिरेनात आणि गावभरची लग्नं डब्यांत अडकून पडली. राहता राहिला उद्धवरावांचा जुना कॅमेरा. तो टीव्हीला जोडला की लग्न दिसायचं. मग काय, ज्याला आठवण यायची तो कार्ड घेऊन त्यांच्या दारात हजर! बायको गेल्यापासून ओस पडलेल्या घरात पुन्हा चहाचं आधण चढू लागलं. कंपनीचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

म्हणूनच हैदराबादच्या मुलानं, देवानंदनं, फोनला जोडायचा कार्ड रीडर पाठवला तेव्हा उद्धवरावांनी तो कपाटात बायकोच्या साड्यांखाली सरकवून दिला. लग्नं फोनमध्ये उतरली की कोण येणार इकडे? हे बरं नाही, हे त्यांनाही कळत होतं. पण रिकामं घर संध्याकाळी कसं खायला उठतं, ते गावाला थोडंच ठाऊक!

सगळ्यांत जास्त यायच्या त्या प्रयागबाई. लेकीच्या लग्नात अक्षता टाकताना त्यांचे मालक खो खो हसले होते, तेवढंच त्या पाहायच्या. मालक आता नव्हते. पाहून झालं की दोघं कापसाबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलत बसायचे.

त्या दिवशी मात्र त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, मी निर्मल गावाले चालली, पोरीकडं. आता तिकडंच राहीन."

उद्धवरावांची नजर कपाटाकडे गेली. गप्प बसले असते तरी कोणी विचारणार नव्हतं. पण ही बाई नवऱ्याचं हसू डब्यात बंद करून परगावी नेणार आणि आपण नुसतं पाहत राहायचं? त्यांचं मन धजेना. त्यांनी कपाट उघडून रीडर काढला.

"थांबा वहिनी. हे नवं आलं हाय, कालच. तुमच्या पोरीचं लगन फोनमंदी टाकून देतो."

प्रयागबाई ओशाळल्यासारख्या हसल्या.

"फोनमंदी तं कवाचंच हाय, भाऊ. पोरीनं निर्मलच्या दुकानातून काढून आणलं. लय दिवस झाले."

"मंग इथं येत काऊन होत्या?"

"एकटीनं पाहवते काय?"

"मंग बसा ना वहिनी," उद्धवराव घाईघाईनं म्हणाले. "लावतो. च्या ठेवतो."

"जावई जीप घेऊन उभे हायत. चिडतीन." त्यांनी कमरेची पिशवी उघडून कार्ड उद्धवरावांच्या हातावर ठेवलं. "हे राहू द्या तुमच्यापाशी."

जीप वळणाआड गेली. उद्धवरावांनी आत येऊन कॅमेरा टीव्हीला जोडला. मांडव दिसला, प्रयागबाई दिसल्या, त्यांच्या मालकांनी मुठीत अक्षता घेतल्या. पुढचं त्यांनाही एकट्यानं पाहवेना. मालक हसण्याआधीच त्यांनी टीव्ही बंद केला.