आत्मारामाचं गाऱ्हाणं आणि न झोपवणारी गोळी

गाऱ्हाणं घालावं तर आत्मारामानं, असं सगळी वाडी छातीठोकपणे सांगायची. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मानाच्या चौथऱ्यावर, बसली की आत्माराम हातात नारळ धरून देवापुढं उभा राहायचा आणि वर्षभराच्या काळज्या एकेक करून देवाच्या पायाशी ओतायचा. प्रत्येक काळजीला वाडीनं मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आता देवाकडं मागणं कुणीही मागेल हो, पण त्यासाठी आधी काळज्या सुचायला हव्यात! हापूसवरचा तुडतुडा, माकडं, मुंबईतल्या पोरांच्या नोकऱ्या, इथवर सगळेच येतात. आत्माराम तिथून सुरू व्हायचा. माडाखाली उभी केलेली रिक्षा, रिक्षात बसलेली म्हातारी, वरचा नारळ, त्याचा सुकलेला देठ. गेल्या साली त्यानं पाऊण तास काढला. बायका डोळ्यांना पदर लावून रडल्या आणि माडाखालच्या रिक्षा त्याच दिवशी हलल्या.

वाडीला ही देवाची देणगी वाटायची. त्याची बायको सगुणा, तिला विचारा. रत्नागिरीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आत्माराम मदतनीस होता. गॅसचे कॉक बंद केले की नाही हे बघायला तो रोज अर्ध्या वाटेवरून मागं फिरायचा. घराचं कुलूप तीनदा ओढायचा, चौथ्यांदा सगुणेला ओढायला लावायचा. सगुणा म्हणाली, “लागलं असेल हो,” तर हा कळवळायचा, “असेल म्हणजे काय? असेल म्हणजे काय गं?” छातीत धडधड, हातापायांना घाम. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं, तर याला वाटलं यंत्रच बिघडलंय. वीस वर्षांच्या संसारात सगुणेनं एकही सिनेमा शेवटपर्यंत बघितला नव्हता.

शेवटी एक दिवस तिनं त्याचं मनगट धरलं आणि शहरात डॉक्टर मनस्विनींकडं नेऊन बसवलं. बाई मनोविकारांच्या डॉक्टर. त्यांनी तासभर ऐकून घेतलं.

“हा आजार आहे, तुमचा स्वभाव नव्हे,” त्या म्हणाल्या. “एक गोळी देते. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. हिनं झोप येत नाही, गुंगी येत नाही. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. आणि आपल्या मनानं बंद करायची नाही.”

झोप येत नाही? आत्मारामाच्या वाडीत डोक्याच्या गोळीची एकच परीक्षा होती. घेतली की माणूस आडवा व्हायला हवा. पहिल्या दिवशी सगुणेनं चटई अंथरून ठेवली. आत्माराम गोळी घेऊन चटईवर हात जोडून बसला. एक तास गेला, दोन गेले, तो टक्क जागा. “फसवलं बाईनं,” तो म्हणाला. मग त्यानं गोळीबरोबरचा कागद भिंग लावून वाचला. संध्याकाळपर्यंत कागदावरचा एकूण एक त्रास त्याला होऊन गेला. त्यातला एक तर फक्त गरोदर बायकांसाठी लिहिलेला होता.

सगुणा मात्र खमकी. दोन्ही वेळा पाण्याचा पेला घेऊन पुढ्यात उभी राहायची. असा महिना गेला. आणि एका रविवारी, बरं का, दोघं स्कूटरवरून आरे-वारेच्या किनाऱ्याला निघाली, तर हा एकदाच कुलूप लावून खाली उतरला. चढाच्या वळणावर खाली समुद्र दिसला तेव्हा गुणगुणायला लागला. मागं बसलेल्या सगुणेला आधी वाटलं स्कूटरचाच काही आवाज येतोय. कळलं तेव्हा तिनं त्याच्या पाठीला कपाळ टेकलं आणि चांगली रडून घेतली.

शिमगा आठवड्यावर आला तसे बाबूकाका गावकर दाराशी हजर झाले. सत्तरी उलटलेला माणूस, आवाज ढोलासारखा. गाऱ्हाण्याचा मान आत्मारामाच्या घराचा, तसा पहिला ‘व्हय म्हाराजा’ घालायचा मान बाबूकाकांच्या घराचा. त्यांनी आवाज दिल्याशिवाय वाडी तोंड उघडत नसे. दरवर्षी ते येऊन आत्मारामाची तयारी बघत.

“काय मग, यंदा आंब्याचं काय घालतोस?”

“मोहोर बरा हाय काका.”

“आणि तुडतुडा?”

“आला तर फवारू.”

“फवारू?” बाबूकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. “अरे मेल्या, गेल्या साली तुडतुड्यावर तू वाडी रडवलीस! बरं, त्या बंदरावरच्या होड्या? वादळ?”

“हवामानवाले आधी सांगतात हल्ली. होड्या वर ओढून घेतील.”

बाबूकाकांचा चेहरा पडला. इकडं तिकडं बघून ते खालच्या आवाजात म्हणाले, “त्या गोळीनं तुझी विद्या खाल्ली रे. आठ दिवस ठेव बाजूला. पालखी झाली की घे परत, कोण नको म्हणतो? तुझ्या बापानं, आज्यानं हा मान सांभाळला. यंदा तू दोन वाक्यांत आटपलंस, तर पुढच्या साली नारळ दुसऱ्या घरात जाईल, सांगून ठेवतो.”

आत्मारामाला हे लागलं. मान गेला तर बापाच्या फोटोकडं कोणत्या तोंडानं बघायचं? आठवडाभर तो वही घेऊन काळज्या आठवत बसला. आठवायची एखादी, पण तिच्यावर उपायही लगेच आठवायचा. सगुणेच्या धाकानं गोळी चालू होती एवढंच.

पालखीच्या सकाळी मात्र त्यानं पेला बाजूला सारला. “आज राहू दे गं. आजच्या दिवस.”

“आज, मग उद्या, मग पुढच्या शिमग्याला आठ दिवस,” सगुणा म्हणाली. “तुमच्या काळज्यांवर वाडीनं वर्षातनं पाऊण तास डोळे पुसले. मी वीस वर्षं त्यात राहिले. मान जायचा तर जाऊ दे. मला तुम्ही हवेत.” पेला तिथंच ठेवून ती आत गेली.

आत्माराम पेल्याकडं बघत बसला. मग त्यानं गोळी तोंडात टाकली आणि सदरा चढवून निघाला.

सहाणेवर पालखी बसली. ढोल थांबले. आत्माराम नारळ घेऊन उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाबूकाका गरजले, मागनं वाडी गरजली.

“तुजी सगळी लेकरं आज तुज्या पायाशी गोळा झालीत. त्यांच्या आंब्याला, भाताला, होडीला राखण कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

आणि संपलं. पुढं काही येईना. माणसं वाट बघत होती. बायकांनी पदर तयार ठेवले होते. बाबूकाका दातओठ खात त्याच्याकडं बघत होते. आत्मारामानं बायकांच्या घोळक्यात सगुणेला शोधलं. ती त्याच्याकडं बघतही नव्हती, हात जोडून डोळे घट्ट मिटून उभी होती. वीस वर्षांत आपण हिच्यासाठी देवाकडं काहीच मागितलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला भडभडून आलं.

“बा म्हाराजा! जो कोण आतनं काळजीनं पोखरलाय, छाती धडधडते म्हणून गुपचूप कोपऱ्यात बसतोय, त्याला लाज सोडून डॉक्टराकडं जायची बुद्धी दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाबूकाकांचा आवाज जरा बसला होता.

“मी गोळी घेतो. आज सकाळी पण घेतली. तिनं झोप येत नाय, उलट वीस वर्षांनी जाग आली. ती सोड म्हणून जो कोण माज्या दारात येल, तो घरचा असो, भावकीतला असो नायतर मानकरी असो, त्याला तू चांगली बुद्धी दे म्हाराजा!”

सगळी वाडी बाबूकाकांकडं बघायला लागली. त्यांनी सुरू केल्याशिवाय कुणाला बोलता येईना. आणि देवापुढं मानकऱ्यानं गप्प राहायचं, हे त्या सहाणेवर कधी घडलं नव्हतं.

पण आवाज आला तो बायकांच्या बाजूनं. “व्हय म्हाराजा!” सगुणा ओरडली होती. एकटीच, डोळे मिटलेलेच, मानबिन सगळा बाजूला ठेवून. आणि मग बाबूकाकांनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि असा ‘व्हय म्हाराजा’ घातला की पाठोपाठ अख्खी वाडी कडाडली.

नारळ फुटला. ढोल सुरू झाले. गर्दीतनं वाट काढत बाबूकाका आत्मारामाजवळ आले. आता शिव्या बसणार म्हणून तो तयारीत राहिला.

“पाच मिनटं,” काका गुरगुरले. “पाच मिनटांत आटपलंस.” मग कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “पालखी खांद्यावर घेतली की माझ्या छातीत धडधडतं. चाळीस वर्षं. ती बाई सोमवारी बसते का रे?”

“बसते. मी येतो संगती,” आत्माराम म्हणाला.

घरी जाताना निम्म्या वाटेत सगुणा एकदम थबकली. “अहो, निघताना कुलूप लावलंत ना?”

“असेल की,” आत्माराम म्हणाला आणि चालत राहिला.