उमेदवाराचा स्टूल

मी एक जुनी खुर्ची आहे.

नाही मित्रांनो, हे वाक्य खोडून टाका. खुर्चीला पाठ असते. मी एक जुना स्टूल आहे. लातुरातल्या एका सरकारी कचेरीच्या अडगळीत, मोडक्या कपाटामागे उताणा पडलेला. कचेरी कोणती ते सांगत नाही. सांगून तरी काय, तशा पुष्कळ आहेत.

मला चार पाय होते, म्हणून गोष्टही चार पायांवर उभी करतो. चौथा पाय आखूड आहे. गोष्ट डगमगेल. सांभाळून बसा.

पहिला पाय

माझा जन्म किनवटच्या जंगलात, इस्लापूरकडच्या उतारावर झाला. मी सागवान होतो. पावसाळ्यात सहस्रकुंडाचं पाणी कोसळायचं, त्याची थरथर माझ्या मुळांपर्यंत यायची. मग मी तोडला गेलो, नांदेडला आलो आणि लिंबाजी मिस्त्रीच्या रंध्याखाली पडलो.

त्या वर्षी उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा केला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि नव्या कचेऱ्या म्हणजे नव्या खुर्च्या. मीही खुर्चीच होणार होतो. पाय झाले, बैठक झाली, आणि पाठीच्या वेळेला लाकूड संपलं. घाईत माझा एक पायही बोटभर आखूड कापला गेला.

"मिस्त्री, ह्याला पाठ कुठं हाय?" टेम्पोत सामान भरणाऱ्यानं विचारलं.

"टाक की आत. पाठ मागून लावू," लिंबाजी म्हणाला.

मागून म्हणजे कधी, हे मी अजून वाट बघून शिकतो आहे.

दुसरा पाय

मित्रांनो, आमच्या भागातल्या कचेऱ्यांत एक रीत होती. ती निजामाच्या वेळेपासूनची, असं म्हातारे कारकून सांगायचे. शिकलेला मुलगा नोकरी मागत आला, की त्याला नाही म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं, "बस. काम शीक. जागा निघाली की बघू." अशा बिनपगारी माणसाला उमेदवार म्हणत. त्याला काम सगळं असे. हजेरीपटावर नाव नसे आणि बसायला खुर्ची नसे. खुर्ची ही नेमणुकीची खूण. उमेदवाराला स्टूल. ऑर्डर हातात पडली की त्यानं स्टुलावरून उठायचं, खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांना पेढे द्यायचे.

माझ्यावरून उठून खुर्चीत बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्यावर सर्वांत जास्त बसला तो रामकिशन. किनवट तालुक्यातला, वसतिगृहात राहून शिकलेला, नांदेडला बी.कॉम. झालेला. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात पोराला एकच गोष्ट सांगितली जायची: शीक, म्हणजे बसायला जागा मिळेल. नव्या जिल्ह्यात नव्या जागा निघतील म्हणून तो लातूरला आला. सकाळी पोरांच्या शिकवण्या घेऊन पोट भरायचा आणि अकराला माझ्यावर येऊन बसायचा.

पहिल्याच दिवशी मी आखूड पायावर कलंडलो. तो पडता पडता वाचला. समोरचा कारकून संगप्पा टेबलावर हात आपटून हसला.

"सांभाळा, बिनपगारी कलेक्टर! खुर्ची पळायली तुमची!"

रामकिशनही हसला. मग त्यानं डाव्या चपलेचं टोक माझ्या आखूड पायाखाली सरकवलं, आणि मी हलायचा थांबलो. त्यानंतर तो रोज तसाच बसला. पुढं पुढं त्याला ते कळतही नसे. तो यायचा, बसायचा, पाऊल आपसूक माझ्या पायाखाली जायचं. लिंबाजीनं जे अर्धवट सोडलं होतं ते हा मुलगा दिवसभर आपल्या पायानं भरून काढायचा.

मोठे कारकून होते विरूपाक्ष अप्पा. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आवाज मऊ. अप्पा वाईट नव्हते. डब्यातली अर्धी भाकरी ते रामकिशनला द्यायचे. मी हे मुद्दाम सांगतो, कारण अप्पा वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा, दुसराही कोरडा. विहिरींचे तळ दिसू लागले. वाड्यावस्त्यांवरून माणसं टँकर मागायला येऊ लागली. संगप्पा त्यांना दारातूनच "उद्या या" म्हणायचा. रामकिशन माझ्यावरून उठायचा, त्यांना सावलीत बसवायचा आणि एकेक गोष्ट विचारून लिहून घ्यायचा. कोणत्या वाडीची विहीर कधी आटली, कुठल्या वस्तीवर टँकर जातो आणि कुठल्या वस्तीवर तो फक्त कागदावर जातो, हे त्याला तोंडपाठ झालं. टंचाईचं सगळं काम त्याच्याकडे आलं. सही तेवढी संगप्पाची असे.

एके दिवशी त्याची माय आली, भामाबाई. संगप्पा जेवायला गेला होता. तिनं खोलीभर पाहिलं.

"रामा, तुही खुर्ची कोणती रं?"

रामकिशननं एकदा संगप्पाच्या खुर्चीकडे पाहिलं. पण मायशी खोटं बोलवलं नाही त्याला. त्यानं माझ्यावर हात ठेवला.

तिनं मला चाचपलं, नखानं खरवडलं. "सागवान हाय. आपल्याकडचं दिसतं." मग मागून हात फिरवला. "ह्याला पाठ न्हाई रं."

"पाठ मागून लावत्यात, माय."

मित्रांनो, हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

भामाबाई खाली फरशीवर टेकली. म्हणाली, "सरजीची धाव्वी झाली. फुडं शिकायचं म्हणून रडून राहिली. तिकडं रोजगार हमीवर खडी फोडायचं काम निघालं हाय. तिला नेऊ का थांबू, तेवढं सांग."

सरजी ही त्याची धाकटी बहीण.

"नेऊ नको माय. थांब. टंचाईच्या कामाला जागा निघायलीय. अप्पा म्हणाले, तुझंच नाव पुढं करतो."

"करतील ना?"

"हाव."

ती गेल्यावर त्यानं पाऊल माझ्या पायाखाली सरकवलं आणि टंचाईचे कागद पुढं ओढले.

तिसरा पाय

जागा खरंच निघाली. एकच. पण त्याआधी तपासणी आली. विभागाच्या ठिकाणाहून मोठे साहेब टंचाईचं काम बघायला येणार होते.

अप्पांनी रामकिशनला बाजूला घेतलं. "हे बघ लेकरा, सरकारी कागद बाहेरच्या माणसाच्या हातात दिसला तर माझी नोकरी जाईल. साहेब येतील तेवढा वेळ तू इथं नको."

"घरी थांबू का, अप्पा?"

"घरी बसलास तर साहेबांनी काही विचारलं तर सांगणार कोण? संगप्पाला एक गाव ठाऊक न्हाई. तू असं कर. टोपी घाल, खांद्यावर टॉवेल टाक आणि व्हरांड्यात बस. पाणी मागायला आलाय म्हणायचं. मी मधूनच येऊन विचारून जाईन."

संगप्पानं आपल्या हातानं त्याला टोपी घातली. "वा! काय शोभायलाय! पाटील, विहिरीला पाणी किती?"

सगळे हसले. रामकिशनही. मलाही उचलून व्हरांड्यात ठेवलं, त्याच्यासोबत.

साहेब आले. कागद पाहून खूश झाले. "इतकं नीट काम मी कुठंच पाहिलं नाही. कोणी केलं?" संगप्पानं मान लववली. बाहेर पडताना साहेब माझ्यासमोर थांबले.

"काय बाबा, कशासाठी आलात?"

अप्पा मागून डोळ्यांनी खुणावत होते. रामकिशन उठला. दोन वर्षं तो माणसांचं ऐकत आला होता, ते सगळं त्याच्या ओठांवर आलं. औशाकडच्या एका वाडीचं नाव त्यानं घेतलं. तिथं टँकर फक्त कागदावर जायचा. "साहेब, वाडीत पाणी न्हाई. बायका आटलेल्या विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायल्यात. एक पोरगी पडली आत. तिचं कंबरडं मोडलं. कुणी बघाया बी आलं न्हाई."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त बोलणारा त्या वाडीचा नव्हता.

साहेबांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे वळले. "उद्यापासून तिथं टँकर गेला पाहिजे. मी स्वतः विचारीन."

टँकर गेला. माझ्या उभ्या आयुष्यात त्या व्हरांड्यात झालेलं ते एकच चांगलं काम.

पंधरवड्यानं मुलाखती झाल्या, त्याच खोलीत. टेबलापलीकडे तेच साहेब, शेजारी अप्पा. उमेदवाराला बसायला टेबलासमोर मला ठेवलं होतं. एकेक जण आला, बसला आणि डगमगला. एक जण तर टेबलाला धरून म्हणाला, "साहेब, हा स्टूल हलतो." साहेब हसले, "हलणारच. नोकरी म्हणजे काय स्थिर असते?"

मग रामकिशन आला. इस्त्रीचा सदरा, नवा भांग. बसला. डावं पाऊल आपसूक माझ्या पायाखाली गेलं. मी जराही हललो नाही. मित्रांनो, त्या खोलीत तो एकटाच माझ्यावर स्थिर बसला. दोन वर्षांचा पुरावा तिथं टेबलाखाली पडला होता. खाली वाकून कुणी पाहिलं नाही.

"कामाचा अनुभव?"

"दोन वर्षं साहेब. इथंच, टंचाईचं."

साहेबांनी चष्मा वर केला. चेहरा उजळला. "अहो, तुम्ही त्या वाडीचे ना? टँकर येतो का आता?"

रामकिशनचं पाऊल माझ्या पायाखाली आणखी आत सरकलं.

"येतो, साहेब."

"छान. पण मग इथं दोन वर्षं काम केलं म्हणता, ते कसं?"

रामकिशननं अप्पांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. अप्पांनी टेबलावरचा काचेचा गोळा उचलला, पुन्हा ठेवला.

"साहेब, पाणी मागायला लई लोकं येतात," अप्पा म्हणाले. "आमच्याकडं काम करणारा म्हणाल तर... मला चेहरा ध्यानात न्हाई."

आवाज मऊच होता.

साहेबांचा चेहरा बदलला. "म्हणजे दोन्हीपैकी एक खोटं आहे. त्या दिवशी खोटं बोललात, की आज? त्या दिवशीचं खोटं असेल तर तो टँकर मला बंद करावा लागेल."

पंखा फिरत होता. संगप्पा दारात उभा होता, त्याची थट्टा जिरली होती. रामकिशनचं पाऊल अजून माझ्या पायाखालीच होतं. एका बाजूला खडी फोडायला निघालेली बहीण. दुसऱ्या बाजूला आटलेल्या विहिरीत वाटी घेऊन उतरणाऱ्या बायका. मध्ये मी, पाठ नसलेला.

"आज, साहेब," तो म्हणाला. "आज खोटं बोललो."

त्यानं पाऊल काढून घेतलं. मी कलंडलो, आणि तो उठला.

चौथा पाय, आखूड

दुसऱ्या दिवशी तो आला.

मला वाटलं होतं, येणार नाही. पण नेमणूक झालेल्या मुलाला काम ठाऊक नव्हतं, आणि अप्पा म्हणाले, "तेवढं त्याला शिकव लेकरा. पुढच्या वेळी बघू." नवा मुलगा खुर्चीत बसला. रामकिशननं माझ्यावर बसून त्याला सगळ्या वाड्या शिकवल्या. पेढे आले, त्यातला एक त्यालाही मिळाला. तो त्यानं हातात धरून ठेवला.

"सरजी कामावर गेली, अप्पा," एवढंच एकदा म्हणाला. अप्पांनी भाकरीचा अर्धा भाग पुढं केला. त्यानं घेतला नाही.

शेवटची वाडी शिकवून झाली तेव्हा तो उठला. नंतर आला नाही. कुठं गेला ते माझ्यासमोर कुणी बोललं नाही.

मग मी कुणाच्याच पायाशी जमलो नाही. डगमगत राहिलो, एक दिवस आखूड पाय निखळला आणि मी अडगळीत आलो. इतकी वर्षं गप्प होतो. आज बोलतो आहे, कारण सकाळी शिपायानं अडगळीचं दार उघडलं.

"मॅडम, ती इंटर्न पोरगी आलीय. पदवी झालीय. मानधन न्हाई म्हणून सांगितलं, तरी हाव म्हणाली. कुठं बसवू?"

"तो स्टूल काढ की. पाय तेवढा ठोकून घे."

दारात ती उभी होती. खांद्यावर पिशवी, नवा भांग.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. माझी सागवानी लाकडं अजून चांगली आहेत. चूल पेटवा, पाणी तापवा, कुणाला तरी ऊब द्या.

पण हातोडी आणू नका. माझा पाय बसवू नका. मला दुरुस्त करू नका.