शहाण्णव टक्के पाणी

डोंगरकडा गावच्या मारुतीच्या पारासमोर सकाळी नवालाच तीन-चारशे माणूस जमला होता. मांडवात मोठा पडदा, पडद्यावर हिरवा-निळा नकाशा आणि टेबलावर हार घातलेला लॅपटॉप. कुणीतरी चार्जरलासुद्धा हळदकुंकू लावलं होतं. बायका रांगेनं येऊन टेबलाला हात लावत होत्या आणि तो कपाळाला नेत होत्या.

बोअरची जागा दाखवणारे देविदास जलगुरू पांढऱ्या जाकिटात माईकवर उभे होते. "उपग्रह आपल्या डोक्यावर फिरून राहिला, माय-बापहो. त्याला जमिनीच्या पोटातला झरा दिसते. घरातला दोष बी दिसते. शंभर जागा आमी दाखवल्या, तर शहाण्णवला पाणी. हे मी सांगत न्हाई, कॉम्प्युटर सांगते."

टाळ्या पडल्या. टेबलामागं बसलेल्या निता राठोडनं मात्र हात हलवला नाही. तो आकडा तिनंच काढला होता.

निता सेनगावकडच्या तांड्यावरची. संख्याशास्त्रात पदवी घेतली आणि सात महिन्यांपूर्वी जलगुरूंच्या हिंगोलीतल्या ऑफिसात लागली. कुठल्या शेतात जागा दाखवली, पाणी लागलं की नाही, याची नोंद ठेवायची आणि टक्केवारी काढून पडद्यावर चढवायची, एवढं काम. पहिल्याच महिन्यात देविदासांनी फाइल तिच्यापुढं सरकवली.

"या कोरड्या ओळी काढ."

"काहून सर?"

"कुणी पुरतं खोल नेलं न्हाई, कुणाच्या घरात दोष. ते आपल्यात कशाला मोजायचं? आकडा खोटा टाकायचा न्हाई, निता. कोणता ठेवायचा तेवढं आपण ठरवायचं." मग हसून म्हणाले, "शंभरात चार कोरडे राहू दे. शंभर टक्के म्हटलं की लोकाला शंका येते."

निताला ते खटकलं होतं. तरी तिनं ओळी काढल्या, आणि पुढं दर महिन्याला काढत राहिली.

मागच्या आठवड्यात जुनी प्रत उघडताना, ती कामावर लागण्याआधीच पुसलेली एक ओळ तिच्या नजरेला पडली. नानीबाई वसराम राठोड. शेरा: मालकीण विधवा.

नानीबाई म्हणजे तिची सख्खी काकी. दोन वर्षांपूर्वी तिचा बोअर कोरडा गेला, तेव्हा जलगुरूंनी सगळ्या तांड्यासमोर सांगितलं होतं की बाईच्या पायगुणानं झरा सरकला. तेव्हापासून काकीला कुणी हळदीला बोलवत नव्हतं. पेरणीच्या दिवशी ती स्वतःच्या शेतात जाईना. घरात बसून राही. निताला तेव्हा ते खरंच वाटलं होतं.

त्या दिवशी निता जेवली नाही. पुसलेल्या सगळ्या ओळी तिनं परत आणल्या. जागा दाखवल्या दोनशे चाळीस. पाणी लागलं एकशे एक्केचाळीसला. नव्व्याण्णव कोरड्या. मग तिनं बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावून विचारलं, कुणाला न विचारता पाडलेल्या बोअरचं काय होतं?

"आपल्या भागात दहात सहाला लागतेच, ताई. कुठं बी पाडा," तो म्हणाला.

जलगुरूंचं पाणीही दहात सहालाच लागत होतं. निता फाइल घेऊन त्यांच्याकडं गेली आणि खरा आकडा लावू म्हणाली.

"तुला कॉम्प्युटर चालवायला ठेवलं," देविदास म्हणाले. "डोकं चालवायला न्हाई."

आणि आज ती काकीला सोबत घेऊन डोंगरकड्याला आली होती.

मांडवात पहिला नंबर म्हाताऱ्या तातेरावांचा लागला. तिनं त्यांच्या शेताच्या सीमा भरल्या, आणि पडद्यावर पूर्वेच्या बांधाला लाल ठिपका उमटला. लोकांनी हात जोडले. निता उठली आणि तिनं दुसरा माईक हातात घेतला.

"तातेरावकाका, हेच शेत परत भरू?"

"भर की बाई."

तिनं त्याच सीमा पुन्हा भरल्या. ठिपका पश्चिमेला, चिंचेपाशी आला. तिसऱ्यांदा भरल्या, तर मधोमध.

तातेरावांनी पडद्याकडं बोट केलं. "मंग मी बोअर पाडू कुठं?"

"सर्वर हँग हाय," देविदास पुढं येत म्हणाले. "माईक ठेव, निता."

"सर्वर बराबर हाय, सर. उपग्रहाचं चित्र नुसतं दाखवायला हाय. सीमेच्या आतली कोणती बी एक जागा हा प्रोग्राम उचलतो, चिठ्ठी काढल्यासारखी. दहात सहाला पाणी लागतेच, ते सर आपल्या नावावर घेतात. उरलेल्या चार ओळी पुसतात." ती लोकांकडं वळली. "सात महिने त्या मी पुसल्या. माझ्या हातानं. त्याची मला लाज वाटते. इथं कुणाचा बोअर सरांच्या जागेवर कोरडा गेला असेल, तर उभे राहा."

माणसं खाली मान घालून बसली. मग मागं चटईवर बसलेली नानीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माझा गेला. मला पांढऱ्या पायाची म्हणले."

तिच्यामागून गावातली द्वारकाबाई उभी राहिली. "आमाला म्हणले, शेतात नाग मारलेला हाय. माझ्या मालकानं कधी काठी बी उचलली न्हाई."

"मला बी नागच सांगितला," कोपऱ्यातून एक माणूस म्हणाला. मग एकेक जण उठू लागला. भाऊबंदकीचा शाप, अपुरी पूजा, सुनेचा विटाळ. प्रत्येकाला वाटत होतं की कोरडा गेला तो आपल्या एकट्याचाच, आणि दोष आपल्याच घरात. निता मोजत गेली. एकवीस माणसं उभी होती. भजनाला शेजारी बसणाऱ्यांनीही हे एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं.

"लोकहो, श्रद्धा ठेवा," देविदास म्हणाले.

"श्रद्धा होती म्हणून तर समदे गप होते," तातेराव म्हणाले. "ह्या माणसांच्या ओळी कुठं हायत, तेवढं दाखवा."

देविदासांनी लॅपटॉप मिटला आणि हारासकट काखेत मारून गाडीकडं निघाले. निताकडं वळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

"येणारच नव्हते, सर."

तिला त्या महिन्याचा पगार मिळाला नाही. नोकरीच्या दोन-तीन ठिकाणी तिचं नाव खराब झालं. पण पंधरा दिवसांनी डोंगरकड्याच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावातल्या सगळ्या बोअरची यादी लागली: पाणी लागलेले आणि कोरडे, दोन्ही, खोलीसकट. तशी यादी तांड्यावरही करायची ठरली, तेव्हा नानीबाई निताला म्हणाली, "माझं नाव पहिलं लिही. कोरडा म्हणून ठसठशीत लिही. मोठ्या अक्षरात."

आता बुवा भस्म लावून येतात तसे आलेख घेऊनही येतात. आकडा दिसला की हात जोडायची घाई करू नका. कुणी शंभरात शहाण्णव म्हणालं, तर ते शंभर निवडले कुणी आणि वगळलं कुणाला, हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.