दादाची होडी हलली का?

धक्क्यावरच्या कचेरीत बसून हवामानाचा निरोप वाचणाऱ्या बाईला सगळे भोंगा म्हणत. तोंडावरसुद्धा. खोली एवढीशी, एक टेबल, एक माईक, कुरकुरणारा पंखा आणि समुद्राकडची खिडकी. रोज सकाळी हवामान खात्यातून फोन यायचा, ती निरोप उतरवून घ्यायची आणि शब्दाला शब्द वाचायची. पदरचं एक अक्षर घालायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

खात्याचं म्हणाल तर, मागे एक वादळ न सांगता येऊन गेलं तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत होतं. ढग दिसला की इशारा. भोंगा सांगायची, "समुद्र खवळेल, कोणी जाऊ नये," आणि समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत. होडीवाले पोट धरून हसायचे.

मग त्यांनी आपली युक्ती काढली. भोंग्याचा थोरला भाऊ धक्क्याच्या टोकाच्या खुंट्याला होडी बांधायचा. तिचा दादा म्हणून तो सगळ्यांचाच दादा. निरोप संपला की साऱ्यांचे डोळे त्या खुंट्याकडे. "सरकारचं सगळ्यांना, खरं भावाला," असं म्हणत. दादाची होडी हलली की यांच्या हलणार, दादा बसला की हेही चहा पीत बसणार. खरं तर ती दादाला वेगळं काहीच सांगत नसे. पटत नसलेलं बोलताना ती लहानपणापासून भरभर बोलते, हे त्याला ठाऊक होतं, एवढंच.

त्या सकाळी खात्यातला माणूस निरोप देऊन थांबला आणि म्हणाला, "बाई, आजचं जरा नीट वाचा." असं तो कधी म्हणाला नव्हता. तिने नीट वाचलं. दुपारनंतर सोसाट्याचा वारा, उंच लाटा, समुद्रात जाऊ नये.

लगेच दादाचा फोन आला. "काय गं, आज रवंथ करत वाचलंस?"

"दादा, आज खरंच आहे."

"कळलं. मग होडी इथे नाही ठेवत, धक्क्यावर आपटून भुगा होईल तिचा. टेकडीमागच्या खाडीत नेऊन बांधतो."

"जेवायला इकडेच ये."

"भाजीत मीठ घालणार असशील तर येतो."

खिडकीतून तिला त्याची होडी सुटताना दिसली आणि टेकडीला वळसा घालून दिसेनाशी झाली. वळणापलीकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. मग दुसरी होडी सुटली, तिसरी सुटली, सगळी रांगच लागली. भोंग्याचा ऊर भरून आला. ऐकलं बाई आज! सगळे निघाले खाडीत होड्या बांधायला. होड्यांवर मासळीसाठी बर्फ चढवलेला तिने पाहिला होता. पाहिला, आणि त्याचा विचार केला नाही.

शेजारची वहिनी जाळी विणायची. ती दारात उभी राहिली. "काय गं भोंगे, भावाला एक आणि जगाला एक?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तू इकडे जाऊ नका म्हणून बोंबलतेस आणि तुझा दादा सगळ्यांच्या आधी पळतो. आमचे हे तर वाटच बघत होते. दादाची होडी हलली, निघाले."

भोंग्याने माईक ओढला आणि पदरची अक्षरं घालून ओरडली, "फिरा रे, दादा खाडीत गेलाय, फिरा!" आवाज टेकडीवर आपटून परत आला. होडीवाल्यांचे फोन लागेनात. साहेब म्हणाले, गस्तीची बोट पलीकडच्या बंदरात आहे, यायला संध्याकाळ होईल.

खाडीत मात्र फोन लागतो. दोघींनाही ते माहीत होतं. वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. "मी फोन कर म्हणत नाही हो तुला," ती म्हणाली. "मी काही म्हणत नाही."

भोंग्याने फोन लावला. "दादा, ते तुझ्यामागे निघाले. मासेमारीला."

"सगळे?"

"सगळे."

"गाढवं आहेत," दादा म्हणाला. दोर सोडल्याचा, इंजिन खोकल्याचा आवाज आला.

"दादा, अजून वेळ आहे, वारा लगेच काही येत नाही, तू सहज येशील परत, काही होत नाही—"

"किती भरभर बोलतेस गं," दादा म्हणाला आणि फोन बंद झाला.

वारा दुपारची वाट न बघताच आला. पत्रे उडाले, खिडकीची काच फुटली. त्या पावसातून होड्या एकेक करून टेकडीला वळसा घालून परतल्या. वहिनीचा नवराही आला. दादाने ओरडून ओरडून सगळ्यांना माघारी फिरवलं होतं. सर्वांत पुढे गेलेली एक होडी राहिली होती. "तिला घेऊन येतो, तुम्ही व्हा पुढे," असं म्हणून तो गेला.

ती होडीही आली नाही आणि दादाही.

शोध थांबला, आभाळ निवळलं. खात्याचा निरोप आला: समुद्र शांत, मासेमारीस हरकत नाही. भोंग्याने तो सावकाश वाचला. बर्फ, जाळी चढवून होड्या तयार होत्या. माणसं धक्क्यावर उभी होती, सवयीने टोकाकडे तोंड करून. तिथे खुंटा होता आणि खुंट्यावर दादाच्या दोराने घासून पाडलेली खाच.

वहिनीचा नवरा खिडकीशी आला. तिच्याकडे त्याला बघवेना. "खरं आहे ना गं?"

"खरं आहे."

त्याने मान हलवली, आणि परत जाऊन इतरांशेजारी उभा राहिला.

तिने माईक जवळ घेतला आणि तोच निरोप पुन्हा वाचला, आणखी सावकाश. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा पडला होता. एकही होडी हलली नाही.