पलीकडचा हात

ऑफिसात सगळे त्यांना मेजर म्हणायचे. सैन्य सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी हाक आली की बाई अजून खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. सैन्यात त्या बिनतारी संदेशांच्या तुकडीत होत्या. सीमेवरच्या डोंगरात कानाला हेडफोन लावून पलीकडच्या ऑपरेटरांची टकटक ऐकायची, हे त्यांचं काम. संकेत उलगडायला दुसरी माणसं असत. पण टकटक करणारा हात कुणाचा, हे मेजर नुसत्या तालावरून सांगत. हा घाईचा, हा झोपाळू, आणि हा आज भांडून आलेला.

एका स्फोटात डावा कान गेला आणि सैन्यही सुटलं. घरी हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चाळिशी उलटल्यावर त्यांनी मानसशास्त्राला नाव घातलं. त्याच वर्षी लेक कॉलेजात गेली. दोघी एकाच बसने जायच्या आणि लेक मुद्दाम चार सीट सोडून बसायची. पुढे मेजरांनी विषय निवडला तो संगणकाच्या पडद्याआड माणूस कसा वागतो, कसा फसतो, कसा फसवतो याचा. नवरा दातांचा डॉक्टर. तो पाहुण्यांना सांगायचा, "मला निदान लोकांना तोंड उघडायला सांगावं लागतं. हिला तेवढंही लागत नाही."

आता मेजर देशाच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका कचेरीत होत्या. तिसरा मजला, निळसर काचा, सतत घुमणारा एसी आणि टेबलाखाली वायरींचं जंगल. त्या जंगलाचा राजा म्हणजे शेजारचा इंजिनियर. त्याचं नावच वायरमन पडलं होतं.

एका सकाळी संचालकांनी एका पोरगेल्या तंत्रज्ञाला समोर आणून बसवलं. समुद्रकाठच्या रडार केंद्रावर कामाला होता. बरेच महिने एका परिचारिकेशी त्याच्या फोनवर गप्पा चालल्या होत्या. गप्पांत कविता आल्या, गप्पांचं प्रेम झालं, आणि मग एक दिवस तिने विचारलं, की तुमच्या रडारची ती मोठी तबकडी रात्री किती वेळ बंद असते? पुढच्याच महिन्यात नौदलाचा मोठा सराव होता. पोरगा सावध झाला आणि स्वतःहून साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. आवळा देऊन कोहळा काढायचा जुनाच डाव, फक्त हत्यार नवं.

संचालकांचं मत सरळ होतं. खातं बंद करायचं, पोराची चौकशी करायची, विषय संपला. मेजरांनी फक्त सगळ्या गप्पा वाचायला मागितल्या.

वाचता वाचता त्यांची पाठ हळूहळू ताठ होत गेली. वायरमनने ते पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. बाईंची पाठ अशी ताठ झाली की काहीतरी सापडलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

"ही एक बाई नाही," मेजर म्हणाल्या. "हे दोन हात आहेत."

त्यांनी संचालकांना आणि वायरमनला जवळ बोलावून दाखवलं. सकाळची परिचारिका फटाफट लिहायची, एकही चूक नाही, जणू समोर छापील कागद आहे. दुपारची मात्र अडखळायची. ऱ्हस्व-दीर्घाची तिची कायम मारामारी. ती एरवी तबकडीबद्दल कधीच विचारत नसे. पोराला सर्दी झाली तर वाफ घे म्हणायची, आईला फोन केलास का विचारायची. आणि तबकडीचा तो प्रश्न दुपारीच आला होता, पण शुद्ध भाषेत आणि अगदी ओबडधोबड, कुणालाही वास यावा असा.

"कुणीतरी मागे उभं राहून तो लिहून घेतलाय," मेजर म्हणाल्या. "आणि लिहिणाऱ्याने तो मुद्दाम तसाच ठेवलाय. या माणसाला पकडलं जायचंय, सर."

संचालक दुधाने तोंड पोळलेले गृहस्थ, ताकही फुंकून पिणारे. शत्रूच्या माणसाची दया येणं हाही सापळाच असतो, असं त्यांनी बजावलं. ते खोटं नव्हतं, आणि मेजरांनी ते मान्यही केलं. पण एक दुपार द्या, म्हणून त्या अडून बसल्या. शेवटी संचालकांनी एक दुपार दिली आणि स्वतःही खुर्ची ओढून तिथेच बसले.

तंत्रज्ञाला मेजरांनी शेजारी घेतलं. शब्द त्याचे, टाइप करणाऱ्या त्या. दुपार झाली, पलीकडून नेहमीची विचारपूस आली. त्यांनी पोराला विचारलं, ही परिचारिका घराबद्दल काय सांगते? गॅलरी आहे, फुलं आहेत, तो म्हणाला. मेजरांनी लिहिलं, "आज तुझ्या खिडकीतून काय दिसतंय?"

मागे पहारा असेल तर उत्तर सोपं होतं, फुलं.

पडद्यावर तीन ठिपके नाचू लागले. थांबले. पुन्हा नाचले. मग उत्तर उमटलं.

"माझ्या खोलिला खिडकि नाहि."

आणि दुसऱ्याच क्षणी ते पुसलं गेलं.

संचालक उभे राहिले. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि फोन उचलून वरच्यांना सांगितलं, की आज हे खातं कुणी बंद करायचं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. पहारेकरी दुपारी जेवायला जायचा, तेवढाच वेळ मिळायचा. मेजर प्रेमाच्या बोलीत विचारत आणि पलीकडचा हात तुटक उत्तरं देऊन लगेच पुसून टाकी. परदेशात नोकरी म्हणून आणलं. पासपोर्ट काढून घेतले. आमच्यासारखे पुष्कळ आहेत. कुठे आहोत माहीत नाही. मग मेजरांना त्यांचं जुनं काम आठवलं आणि त्यांनी डोळ्यांनी दिसणारं विचारायचं सोडून दिलं. तुला ऐकू काय येतं? दुपारी मोठा भोंगा वाजतो. फरशी थरथरते, खाली छापखाना असावा. रंगाचा उग्र वास येतो, जहाजाला देतात तसा.

वायरमनने इंटरनेटचा माग आधीच परदेशातल्या एका बंदराच्या शहरापर्यंत नेला होता. पुढे मात्र त्याचं घोडं अडलं होतं. आता त्याने नकाशा उघडला आणि जहाजबांधणीच्या कारखान्याभोवती बोट फिरवू लागला. भोंग्याच्या टप्प्यातला छापखाना एकच निघाला.

"सापडला की हो, मॅडम," तो अगदी हळू म्हणाला. मोठ्याने बोललं तर ते खरं ठरणार नाही की काय, अशी भीती वाटल्यासारखा.

त्या देशाच्या पोलिसांनी भर दुपारी छापा घातला. मेजर तिसऱ्या मजल्यावर फोनकडे उजवा कान करून बसल्या होत्या. फोन आला. छापखान्याच्या वरच्या दोन मजल्यांवरची सगळी माणसं सुखरूप होती, आणि पहारेकरी जेवणाच्या ताटावरून उचलले गेले होते. वायरमनने आनंदाच्या भरात संचालकांना मिठी मारली आणि मग आपण कुणाला मिठी मारली हे कळून तो कॉफी आणायला पळाला.

दुपारच्या त्या हाताने सगळं सांगितलं. आणखी कुणाकुणाला जाळ्यात ओढायचं चाललं होतं, हेही. त्या सगळ्यांना वेळेत सावध करता आलं आणि सराव ठरल्या दिवशी पार पडला.

मग तो दुपारचा हात प्रत्यक्ष कचेरीत आला. बायको आणि दोन मुली असलेले, झुपकेदार मिशांचे, पन्नाशीचे एक गृहस्थ. पूर्वी औषधांच्या दुकानात काम करायचे. तंत्रज्ञाला मेजरांनी आधीच कल्पना दिली होती, तरी त्या मिशा पाहून बिचारा दारातच थबकला.

"त्या कविता तुमच्याच का?" शेवटी पोराने विचारलं.

"सकाळच्या छापील होत्या," गृहस्थ ओशाळून म्हणाले. "दुपारच्या माझ्या. बायकोसाठी केलेल्या, जुन्या."

पोरगा आधी कानापर्यंत लाल झाला आणि मग हसत सुटला, इतका की डोळे पुसावे लागले. गृहस्थही हसले आणि हसता हसता रडले. मेजर दोघांना खोलीत सोडून बाहेर आल्या.

पोराची बदली झाली, शिक्षाही झाली. पण स्वतःहून आला म्हणून नोकरी टिकली. मिशीवाल्या गृहस्थांना मेजरांनी नव्या भरतीच्या जवानांसमोर उभं केलं. परिचारिका म्हणून बोलणारा माणूस प्रत्यक्ष समोर पाहिल्यावर त्या वर्गात जे कळलं, ते शंभर व्याख्यानांनी कळलं नसतं.

ते गृहस्थ कचेरीत आले त्या संध्याकाळी घरी लेकीने विचारलं, आज एवढी खुशीत का? मेजरांना सांगता येण्यासारखं फारसं नव्हतं. त्या म्हणाल्या, "एका माणसाने खिडकीजवळची खुर्ची मागून घेतली आणि तासभर रस्ता बघत बसला." लेकीला काही कळलं नाही. पण आईचे डोळे पाहून ती सरकली आणि आईला सोफ्यावर आपल्याजवळ जागा करून दिली.